ध्वनिमुद्रिकेचे पाठभेद

मराठी साहित्याचा विद्यार्थी ज्ञानेश्वरी अभ्यासायला घेतो तेव्हा 'पाठभेद' हा शब्द त्याला लवकरच भेटतो. ज्ञानदेवांनी सांगितलेला ग्रंथ आणि आपल्या हातातील पोथी यांच्यामध्ये कित्येक लेखनिकांचे हात असतात. कोणी ओवी गाळतो, कोणी पदरची घालतो, कोणी अवघड शब्द काढून सोपा ठेवतो. म्हणून तर नाथमहाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. लेखनिकांचा हेतू काही वाईट नव्हता. आपल्या समोरच्या श्रोत्याला ग्रंथ कळावा एवढीच बहुधा त्यांची इच्छा असावी. पण प्रत्येकाने आपापल्या श्रोत्याकडे पाहून थोडे थोडे बदलले, आणि मूळ ग्रंथ तेवढा दूर गेला.

ग्रंथाच्या बाबतीत हे आपण सहज मान्य करतो. गाण्याच्या तबकडीविषयी मात्र आपली समजूत निराळी असते. यंत्राने आवाज टिपला, तो तबकडीवर उमटला, सुई ठेवली की तोच आवाज पुन्हा ऐकू आला. यात लेखनिक आलाच कोठे? मग पाठभेदाचा प्रश्न कसा उद्भवेल? प्रस्तुत लेखात मला याच्या उलट सांगावयाचे आहे. तबकडीलाही लेखनिक असतो. तो सुरांना सहसा हात लावत नाही. सुरांभोवतीचे वेष्टन बदलतो. गाण्यांची निवड, त्यांचा क्रम, वरचे नाव, दिलेले साल आणि सोबतचे चार शब्द एवढे त्याच्या हाती असते, आणि ऐकणाऱ्याचा कान घडवायला तेवढे पुरते. एखाद्या वाद्यवृंदाची सुरुवातीच्या काळातील ध्वनिमुद्रणे समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकासाठी नव्या वेष्टनात काढली जातात, तेव्हा या लेखनिकाचे काम सर्वांत स्पष्ट दिसते. म्हणून हा विषय मी निवडला.

सुरुवातीचीच गाणी का?

प्रथम एका साध्या प्रश्नाचा विचार करू. नव्या वेष्टनात पुनःपुन्हा विकली जातात ती बहुधा सुरुवातीचीच ध्वनिमुद्रणे. असे का व्हावे? याचे कारण कलेत कमी आणि करारात अधिक आहे. वाद्यवृंद नवा असतो तेव्हा त्याला कोणी ओळखत नसते. जो कोणी ध्वनिमुद्रण करावयास तयार होईल त्याच्या कागदावर ही मुले सही करतात, मिळेल तेवढे पैसे घेतात आणि पुढे जातात. ध्वनिमुद्रण मात्र त्या कंपनीच्या कपाटात राहते. पुढे मुलांचे नाव झाले की कपाटातल्या त्या फितीला एकाएकी भाव येतो. तिच्यावर मालकी कंपनीची. वाजवणाऱ्यांना विचारण्याचे कारण नाही. आपल्या देशातील १९५७ च्या कायद्यातही ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून निर्माता धरला जातो, आणि त्याचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. कलावंताचे म्हणून काही वेगळे हक्क आपल्या कायद्यात आले ते १९९४ च्या दुरुस्तीने. त्याआधी वाजवणाऱ्याचा संबंध बहुतेक वेळा बिदागी हातात पडली की संपत असे.

इंग्लंडहून अमेरिकेस

या प्रकाराचे सर्वांना परिचित असे उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील लिव्हरपूलचा बीटल्स हा वाद्यवृंद. १९६१ च्या जून महिन्यात जर्मनीतील हँबुर्ग येथे ही मुले टोनी शेरिडन या गायकाला साथ करण्यासाठी ध्वनिमुद्रणास बसली. त्यातील 'माय बॉनी' हे गाणे जर्मनीत पॉलिडॉर कंपनीने काढले तेव्हा वेष्टनावर शेरिडनचे नाव होते, आणि साथीदारांच्या जागी 'बीट ब्रदर्स' असे एक वेगळेच नाव होते. बीटल्स हे नाव तेथे नव्हतेच. पुढे १९६४ च्या आरंभी अमेरिकेत या मुलांनी धुमाकूळ घातला, आणि तीच ध्वनिमुद्रणे अमेरिकेत बीटल्सच्या नावावर निघाली. एम. जी. एम. कंपनीने काढलेल्या मोठ्या तबकडीवर १२ गाणी होती. त्यांपैकी बीटल्सचा हात लागलेली अवघी ४. काल ज्यांचे नाव नव्हते तेच आज मथळ्यात आले, आणि ज्याच्यासाठी ध्वनिमुद्रण झाले तो गायक 'सोबत' या शब्दामागे गेला. सूर मात्र एकही बदलला नव्हता.

याहून सूक्ष्म उदाहरण त्यांच्या इंग्लंडमधल्या तबकड्यांचे आहे. ई. एम. आय. या कंपनीने २२ नोव्हेंबर १९६३ रोजी इंग्लंडमध्ये 'विथ द बीटल्स' ही १४ गाण्यांची तबकडी काढली. ई. एम. आय. ची अमेरिकेतील शाखा म्हणजे कॅपिटॉल. या शाखेने आधी या मुलांना नाकारले होते. नंतर मागणी पाहून २० जानेवारी १९६४ रोजी 'मीट द बीटल्स' ही तबकडी काढली. वेष्टनावरचे चित्र तेच, पण आत १२ गाणी. अमेरिकेत गाण्यागणिक रचनाकाराच्या हक्काचे पैसे द्यावे लागत, म्हणून गाणी कमी ठेवण्याची तेथे रीतच होती. या बारांपैकी ९ मूळ तबकडीतली आणि ३ इतरत्रची.

गाळलेली ५ गाणी कोणती हे पाहिले की लेखनिकाचा हात दिसू लागतो. ती पाचही गाणी बीटल्सची स्वतःची नव्हती. ती मुळात अमेरिकन गायकांची होती आणि त्यांतील बहुतेक गायक कृष्णवर्णीय होते. इंग्लंडमधल्या श्रोत्याने मूळ तबकडी ऐकली तेव्हा त्याला स्वतःची गाणी रचणारा आणि अमेरिकन गाण्यांवर पोसलेला असा एक वाद्यवृंद दिसला. अमेरिकन श्रोत्याला मात्र, दुसऱ्या एकाच गाण्याचा अपवाद सोडला तर, सारे काही आपणच रचणारी, इंग्लंडहून आयती उतरलेली मुले दिसली. त्यांचे अमेरिकेशी असलेले देणे त्या वेष्टनातून नाहीसे झाले. ती पाच गाणी एप्रिल १९६४ मध्ये दुसऱ्या तबकडीवर आली खरी, पण पहिली ओळख व्हायची ती होऊन गेली होती.

शिवाय 'मीट द बीटल्स' ही आपली पहिलीच तबकडी असल्याचे तिच्या वेष्टनावर छापले होते. वास्तविक दहाच दिवस आधी शिकागोच्या व्ही-जे या छोट्या कंपनीची, त्याहून जुन्या गाण्यांची तबकडी अमेरिकेत बाजारात आली होती. त्यांतील बहुतेक गाणी, व्ही-जेचे हक्क संपल्यावर, कॅपिटॉलने मार्च १९६५ मध्ये 'द अर्ली बीटल्स' या नावाने पुन्हा काढली. अवघ्या दोन वर्षांपूर्वीची गाणी 'सुरुवातीची' म्हणून विकता आली, कारण अमेरिकेतील श्रोत्याचे घड्याळच कंपनीने लावून दिले होते. काही गाण्यांवर कॅपिटॉलने वरून प्रतिध्वनीही चढविला. म्हणजे क्वचित सुरालाही हात लागतो. हा घोळ १९८७ पर्यंत चालला. त्या वर्षी सी. डी. निघाल्या तेव्हा इंग्लंडचा पाठ प्रमाण मानण्यात आला. नाथमहाराजांनी केले तसले काम तेथे कंपनीला स्वतःच करावे लागले, असे म्हणण्यास हरकत नाही.

यावरून पाठभेदाची चार स्थाने निघतात: निवड व क्रम, नाव, काळ, आणि प्रस्तावना. हीच कसोटी आता आपल्या महाराष्ट्रातील उदाहरणाला लावून पाहू.

मुंबईहून हॉलंडला

ई. एम. आय. च्याच घराण्यातील आपल्याकडची कंपनी म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया. भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याच्या चित्राची. तिने १९८२ च्या सुमारास मुंबईचे वादक चरणजित सिंग यांची एक तबकडी काढली. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांमध्ये गिटार व विजेवरची वाद्ये वाजविणारे अनुभवी वादक होते. लग्नसमारंभांत त्यांचा स्वतःचा वाद्यवृंदही वाजत असे. तबकडीचे नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग. तबला नाही, तानपुरा नाही. त्याऐवजी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे होती. एक ठेका देणारे, एक खर्जाच्या सुरांची ओळ फिरवीत राहणारे आणि एक मुख्य सुरावट वाजविण्याचे.

त्यातले खर्जाचे यंत्र, टी. बी. ३०३, १९८१ मध्ये बाजारात आले होते. घरी एकट्याने गिटार वाजविणाऱ्याला खर्जाची साथ मिळावी यासाठी ते बनविलेले होते, आणि त्या कामी ते फारसे कोणाला पसंत पडले नाही. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पाश्चात्त्य पेटीच्या पट्ट्यांवर जी मींड निघत नाही तिची थोडीशी सावली या यंत्रात निघू शकत होती. रागाची सुरावट ठरलेल्या ठेक्यावर फिरवायची तर ही सोय वादकाला किती उपयोगी पडली असेल, हे संगीताच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. चित्रपटांत त्या वेळी डिस्कोचे वारे होते. तोच ठेका घेऊन त्यावर राग वाजवून पाहावे, असा साधा विचार त्यामागे असल्याचे सिंग यांनी पुढे सांगितले. तबकडी विशेष खपली नाही आणि विस्मरणात गेली.

पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे फ्यूचर या तरुणांच्या गटाने त्याच टी. बी. ३०३ यंत्राच्या घसरत्या सुरांवर 'ॲसिड ट्रॅक्स' ही नाचाची तबकडी काढली, आणि त्यातून 'ॲसिड हाऊस' नावाचा एक संगीतप्रकार युरोपभर पसरला. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला भारतात फिरताना सिंग यांची तबकडी मिळाली. ऐकताच त्यांना शिकागोची आठवण झाली. साल पाहिले तर पाच वर्षे आधीचे. त्यांनी मुंबईत येऊन सिंग यांची भेट घेतली, आणि २०१० मध्ये हॉलंडमधील आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या कंपनीतर्फे ती तबकडी पुन्हा काढली.

आता आपली कसोटी लावू. निवड व क्रम: दहाही राग कायम. नाव: तेच ठेवले, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. काळ: येथे मोठी गंमत झाली. तिकडच्या काहींना १९८२ हे सालच खोटे वाटले. हे आजच्याच कोणा युरोपियन वादकाने रचून जुने म्हणून खपविले असावे, अशी शंका त्यांनी घेतली. म्हणजे मुंबईच्या वादकाने केलेली गोष्ट युरोपच्या वादकाच्या नावावर जाता जाता राहिली. ती राहिली कशामुळे? मूळ तबकडी आणि तिच्यावर छापलेला मजकूर अस्तित्वात होता म्हणून, आणि वादक हयात होता म्हणून. कागदाच्या त्या गोल तुकड्याचे मोल येथे कळते.

चौथे स्थान प्रस्तावनेचे, आणि खरा पाठभेद तेथे झाला. मूळ तबकडी 'डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग' म्हणून निघाली होती. तिचा श्रोता राग ओळखणारा भारतीय. नवी तबकडी 'ॲसिड हाऊसच्या आधीचे ॲसिड हाऊस' म्हणून गाजली. तिचा श्रोता नाचघरातला युरोपियन. पहिल्या श्रोत्याच्या दृष्टीने नवीन होते ते यंत्र, आणि परिचित होता तो राग. दुसऱ्याला यंत्र परिचित आणि राग नवीन. तोच यमन, पण एकाने तो घरातून बाहेर जाताना ऐकला आणि दुसऱ्याने बाहेरून घरात येताना. यात लबाडी कोणाचीच नाही. या नव्या प्रस्तावनेमुळेच सिंग यांना उतारवयात युरोपातील रंगमंचावर आपली तबकडी प्रत्यक्ष वाजविता आली. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा जगभर त्यांची आठवण निघाली. हे श्रेय त्या डच संग्राहकाला मोकळ्या मनाने दिले पाहिजे. पण शिकागोच्या मुलांनी सिंग यांची तबकडी ऐकली होती असे कोठेही दिसत नाही. त्यामुळे 'जनक' वगैरे शब्द जाहिरातीचे आहेत, इतिहासाचे नाहीत. इतिहासाच्या दृष्टीने सिंग यांचे पूर्वज आणि वारस शिकागोत नव्हते. ते मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळांत आणि लग्नांच्या मांडवांत होते. त्यांच्याविषयी नव्या प्रस्तावनेला फारसे काही बोलावयाचे नव्हते.

हेच थोड्या फरकाने मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या सत्तरच्या दशकातील रॉक वाद्यवृंदाबाबत म्हणता येईल. त्यांची 'ऑब्सेशन ७७' ही तबकडी अमेरिकेतील नाऊ-अगेन कंपनीने नव्याने काढली, आणि तिकडे 'भारतातही असे काही होते!' असे आश्चर्य व्यक्त झाले. मराठी वाचकाला त्या आश्चर्यात सहभागी होण्याचे कारण नाही. मुंबईच्या त्याच रॉक वर्तुळातील नंदू भेंडे म्हणजे आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. अलेक पदमसी यांच्या १९७४ च्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मध्ये त्यांनी ज्यूडास रंगविला, आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा' मध्ये ते अंकुश झाले. म्हणजे मुंबईच्या रॉकचा एक धागा सरळ मराठी रंगभूमीत येऊन मिळतो. परदेशी प्रस्तावनाकाराला हा धागा दिसणार नाही. तो दाखविण्याचे काम आपले होते, आणि ते आपण केले नाही.

नाव कोणी लिहावयाचे?

या निमित्ताने थोडे मागे जाऊन पाहणे उद्बोधक ठरेल. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास आले आणि भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास सुरुवात झाली. आवाज येथे भरला जाई, तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत आणि विक्रीसाठी जहाजाने परत येत. तेथील कारागिरांना कोणता आवाज कोणाचा हे कळावे म्हणून गाणारा गाण्याच्या शेवटी आपले नाव पुकारीत असे. गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगतात ते यासाठीच. ते नाव येथल्या रसिकासाठी नव्हते; दूरदेशीच्या चिठ्ठी चिकटविणाऱ्यासाठी होते. पण त्या एका पुकाऱ्यामुळे आज सव्वाशे वर्षांनंतरही त्या आवाजाची मालकीण कोण याविषयी वाद होत नाही.

आपल्या किराणा घराण्याचे, मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या ध्वनिमुद्रिकांची पद्धतशीर सूची सिद्ध केली ती मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने. मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था १९९० मध्ये निघाली, आणि डॉ. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्यांनी ते काम मोठ्या चिकाटीने पुढे नेले. म्हणजे आपल्याकडे काम झालेच नाही असे नाही. पण ते थोड्या माणसांच्या खांद्यांवर राहिले.

केसरबाई केरकरांचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. ध्वनिमुद्रणाबाबत नाखूश असलेल्या या गायिकेची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीवर चढली. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि त्यानंतर ११ दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई निवर्तल्या. त्या सोनेरी तबकडीच्या आवरणावर ती कशी वाजवावी याच्या आकृत्या आहेत. गाणाऱ्यांची नावे नाहीत. चाळीस वर्षांनी, २०१७ मध्ये, तीच ध्वनिमुद्रणे अमेरिकेत सुंदर पेटीत घालून सर्वसामान्यांसाठी विक्रीस आली, आणि त्या वेष्टनाला २०१८ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. पारितोषिक वेष्टनाला मिळते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बेसातील चार कॅसेटी

येथवर मी मोठ्या कंपन्यांविषयी लिहिले. पण हा विषय मला सुचला तो एका अगदी लहान व्यवहारामुळे. माझे मामा ऐंशीच्या दशकात नागपुरातील एका ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन वाजवीत. महाल, इतवारीतील सहा मुले. गणेशोत्सवात आणि लग्नांत चित्रपटगीते वाजवायची, मधूनच स्वतः बांधलेल्या एकदोन चाली. पुढे नोकऱ्या लागल्या, ऑर्केस्ट्रा मोडला. मामा वाडा सोडून बेसाला फ्लॅटमध्ये राहावयास आले तेव्हा सामानात ॲकॉर्डियन आणि चार कॅसेटी आल्या. कॅसेटींवर शाईने 'गणपती' एवढेच लिहिलेले.

अमेरिकेत असलेल्या माझ्या मावसभावाने त्या मागितल्या. त्याच्या मंडळाच्या उत्सवात निधीसाठी त्यांची विक्री करावी, असा त्याचा विचार होता. म्हणजे समुद्रापलीकडचा बाजार, केवळ शंभरेक गिऱ्हाइकांचा. त्याची योजना अशी: चित्रपटगीते काढावीत, कारण त्यांचे हक्क इतरांचे आहेत, हे योग्यच होते. निवेदकाचे बोलणे आणि मांडवातला गलका कापावा. उरलेल्या पाच चाली ठेवाव्यात आणि वर नाव द्यावे, 'विदर्भाचे हरवलेले सूर'.

मी हे मामांना वाचून दाखविले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हरवलेले काहून लिहिता पोरी? मी तं इथंच आहो. आजवर कोनी विचारलंच नाही."

मला वाटते, या विषयावर मी वाचलेल्या कोणत्याही मजकुरापेक्षा हे वाक्य अधिक नेमके आहे. 'हरवलेले', 'विस्मृत', 'शोध लागलेले' हे शब्द परदेशी वेष्टनावर नेहमी दिसतात. ते ऐकणाऱ्याच्या बाजूने खरे असतात. वाजवणाऱ्याच्या बाजूने नव्हे. चरणजित सिंगही मुंबईत आपल्या घरीच होते.

मग आम्ही दोघांनी तीन रविवार बसून त्या कॅसेटींचा पाठ शुद्ध केला. कॅसेट संगणकात उतरवायची तर ती पूर्ण वाजू द्यावी लागते. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे. त्यातही एक अडचण निघाली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असले की फीत सावकाश सरकते, आणि नंतर नीट चालणाऱ्या यंत्रावर लावली की गाणे चढ्या पट्टीत व घाईने पळते. दोन कॅसेटींत नेमके हेच झाले होते. त्यावर मामांनीच उपाय काढला. ॲकॉर्डियनच्या पात्यांचा सूर सहजी बदलत नाही. पेटी काढून ते फितीतल्या सुराची पट्टी दाबीत, आणि दोन्ही सूर जुळेपर्यंत मी संगणकावर वेग कमी करीत असे. ज्या वाद्याचे ध्वनिमुद्रण, तेच वाद्य त्याच्या शुद्धीला प्रमाण, असा योग साहित्याच्या अभ्यासात सहसा येत नाही.

निवेदन आम्ही कापले नाही. निवेदक मंडळाच्या अध्यक्षांचे आभार मानतो, हरवलेल्या एका मुलाचे नाव पुकारतो, वीज गेली तर जनरेटर असल्याचे सांगतो. त्यावरूनच तीन कॅसेटींची साले आणि ठिकाणे ठरविता आली. गलका कापला असता तर त्या चाली कोणत्याही गावच्या झाल्या असत्या.

नावाच्या बाबतीत मात्र काम अपुरे राहिले. सहांपैकी पाच वादकांची नावे मामांना आठवली. बोंगो वाजविणारा मुलगा दोनच हंगाम होता. त्याला सगळे टोपणनावाने हाक मारीत. मामांनी जुन्या सोबत्यांना फोन केले, एकाच्या घरी जाऊन आले. नाव मिळाले नाही. मावसभावाचे म्हणणे, पाच नावे छापून मोकळे व्हावे; रिकामी जागा वाईट दिसते. मामांनी ते मानले नाही. त्यामुळे अमेरिकेस गेलेल्या वेष्टनावर पाच नावे आहेत, आणि सहाव्या ओळीत 'बोंगो' या शब्दापुढे टोपणनाव व 'पूर्ण नाव मिळाले नाही' असे छापलेले आहे. वर नाव आहे ते 'नागपूरचे गणपती, १९८३ ते १९८५'. खप किती झाला ते मी विचारलेले नाही.

उपसंहार

सारांश, परदेशासाठी जुनी ध्वनिमुद्रणे पुन्हा बांधणे हे निंद्य काम नाही. त्यामुळे सूर जगतात, वृद्ध वादकाला चार टाळ्या मिळतात. आपला आक्षेप पुनर्मुद्रणाला नसून, पाठभेद पाठभेद म्हणून न ओळखण्याला असला पाहिजे. कोणतीही जुनी तबकडी नव्या रूपात हाती आली तर साहित्याच्या विद्यार्थ्याने चार प्रश्न विचारावेत. काय गाळले आणि कोणत्या क्रमाने लावले? कोणाचे नाव मोठे झाले आणि कोणाचे गेले? दिलेले साल वाजविण्याचे की विकण्याचे? आणि प्रस्तावना कोणत्या श्रोत्याला उद्देशून लिहिली आहे? या चार प्रश्नांना यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. पोथी वाचताना आपण जे शिकतो तेच येथे लावावयाचे आहे.

जाता जाता एक सूचना. आपल्या महाविद्यालयातील कित्येकांच्या घरी भजनी मंडळाच्या, दंडारीच्या, खडी गंमतीच्या, ऑर्केस्ट्राच्या कॅसेटी असतील. नागपूरचा उन्हाळा फितीला मानवत नाही, आणि घर बदलताना त्या सर्वांत आधी भंगारात जातात. ग्रंथालयाने त्यांच्यासाठी एक वही घालावी: कोणी वाजविले, कोठे, कोणत्या साली, कोणाकडून माहिती मिळाली. फीत संगणकात पुढेमागे कोणीही उतरवील. वाजवणाऱ्यांची नावे मात्र ज्यांना ठाऊक आहेत त्यांनाच विचारावी लागतील, आणि ती माणसे आज सत्तरीच्या घरात आहेत. माझ्याकडील वहीच्या पहिल्या पानावर बोंगोवाल्या मुलाचे टोपणनाव लिहून ठेवले आहे, 'छोटू'. महाल किंवा इतवारीत १९८३ च्या सुमारास बोंगो वाजविणारा कोणी छोटू वाचकांपैकी कोणाच्या ओळखीचा असल्यास कृपया मराठी विभागात कळवावे.